वऱ्हाडातला आखूड हिवाळा आणि लांबलेला स्वेटर

दिवाळी आटोपली की अमरावतीत वडाळी तलावाकडे पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या डोक्यावर माकडटोप्या दिसू लागतात. थंडी म्हणावी तर अजून पडलेली नसते. पारा पंधरा-सोळाच्या आसपास, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत सपाता. पण डोकं, कान आणि हनुवटी लोकरीत बंद. विचारलं तर एकच उत्तर : “कानाले वारं लागते नं बाप्पा!”

ही टोपी कुठून आली हे शोधायला निघालो की आपण थेट क्रिमियाच्या लढाईत जाऊन पोचतो. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी काळ्या समुद्राकाठच्या बालाक्लावा गावाजवळ इंग्रज आणि रशियन फौजांची लढाई झाली. पुढचा हिवाळा इंग्रज शिपायांनी अपुऱ्या कपड्यांत काढला. त्यांच्यासाठी विलायतेतल्या बायकांनी घरोघरी लोकरीच्या टोप्या, मोजे, गुलबंद विणून पाठवले. तोंडापुरतं भोक ठेवलेल्या त्या टोपीला पुढे बालाक्लावाचंच नाव मिळालं. आपण तिला माकडटोपी म्हणालो, आणि मला विचाराल तर नाव आपलंच जास्त बरोबर आहे. त्याच लढाईत घोडदळाचा आत्मघातकी हल्ला ज्याने नेला त्या लॉर्ड कार्डिगनवरून समोर गुंड्या असलेल्या स्वेटराला कार्डिगन हे नाव पडलं. सेनापती लॉर्ड रॅग्लनचा उजवा हात वॉटर्लूला, १८१५ मध्ये, गेला होता. त्याच्या सोयीसाठी गळ्यापासून तिरकी उतरणारी बाही काढली असं सांगतात. अकोल्याची एखादी आजी “बाही रॅगलन घेऊ का साधी?” असं विचारते तेव्हा तिच्या तोंडी एका थोट्या इंग्रज सेनापतीचं नाव असतं, आणि त्याची तिला फिकीर असण्याचं काही कारणही नाही.

क्रिमियाच्या युद्धाला तोंड फुटलं ते १८५३ च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामाने आपल्याकडच्या इंग्रजी पलटणीच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं होतं. टोपी तिकडे विणली जात होती तेव्हाच ती घालणारे साहेब इकडे येऊन बसले होते. वऱ्हाडातल्या घरगुती विणकामाचा वंशवृक्ष मी तरी याच वर्षापासून धरतो.

त्याआधी इथे विणणं नव्हतं असं मात्र नाही. उलट, हातमागावर विणणं हाच या मुलखाचा धर्म होता. कोष्टी, साळी, मोमीन यांचे माग, अकोटच्या सतरंज्या, धनगरांची घोंगडी हे सगळं विणकामच. मराठीने गंमत अशी केली की मागावरच्या कामाला आणि दोन सुयांवरच्या कामाला एकच क्रियापद दिलं. विणकर म्हटला की माग डोळ्यांसमोर येतो, आणि ‘बाईला विणकाम येतं’ म्हटलं की सुया. दोन्ही कामांचं शास्त्र मात्र वेगळं. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवर एकच धागा असतो. तो स्वतःच्याच फासातून स्वतःला ओढत पुढे जातो. म्हणून मागाचं कापड फाटतं आणि सुयांवरचं उसवतं. हा उसवण्याचा गुण पुढे फार महत्त्वाचा ठरला.

दोन सुयांवरच्या या कामाचा सर्वांत जुना हाती लागलेला पुरावा इजिप्तमधला, सुमारे अकराव्या शतकापासूनचा : पायमोजे. आणि ते लोकरीचे नाहीत, सुताचे आहेत. पांढरं सूत आणि निळीत रंगवलेलं सूत, त्यांची नक्षी. कापसाच्या मुलखातल्या माणसाने हे वाचून थोडं सावरून बसावं. म्हणजे या कलेचा मूळ धागा आपल्याच पिकाचा, आणि वऱ्हाडात ती कला अवतरली ती मात्र मेंढीच्या अंगावर बसून. तेव्हाचे मोजे नुसत्या सुलट टाक्याचे, गोल विणलेले. उलट टाका बऱ्याच उशिरा, सोळाव्या शतकाच्या मध्यावर दिसतो. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा हिला १५६२ मध्ये पुरताना पायांत घातलेल्या तांबड्या रेशमी मोज्यांत. एक सुलट, एक उलट ही आपल्याला सृष्टीइतकी जुनी वाटणारी बॉर्डर एवढी अलीकडची आहे.

तर ही सुयांवरची मेंढी वऱ्हाडात आली कशी? १८२३ मध्ये चिखलदऱ्याचं पठार इंग्रजांना सापडलं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच. वऱ्हाड हाती आल्यावर उन्हाळ्यात साहेबलोक तिथे चढू लागले, आणि परतवाड्याच्या छावणीतून चिखलदऱ्याला जाणाऱ्या मडमांच्या सामानात सुया-लोकर असणारच. पण मडमेचे हात पाहून कोणी विणायला शिकलं नाही. शिकवलं ते मिशनच्या बायकांनी. अकोल्यात १८८० च्या दशकापासून अमेरिकी मिशनरी राहू लागले. त्यांतल्या जेनी फुलर यांचं हिंदी स्त्रियांच्या हालांवरचं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघालं. त्याच सुमाराला पडलेल्या दुष्काळात मिशनांनी पोरक्या मुलामुलींना जवळ केलं. अशा ठिकाणी मुलींना बाराखडीबरोबर सुईकाम शिकवायचा रिवाजच होता. पुढे कॉन्व्हेंट, सरकारी मुलींच्या शाळा, भगिनी मंडळं यांनी तो उचलला. शिवण, कशिदा, क्रोशा आणि सर्वांत शेवटी दोन सुया, हा साधारण चढता क्रम.

माल पोचायला वाट तयार होतीच. अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंतची रेल्वे १८६७ मध्ये सुरू झाली, ती खरं तर इथला कापूस मुंबईला न्यायला. जाताना कापसाच्या गाठी, येताना मँचेस्टरचं कापड. कानपूरची लाल इमली ही लोकर गिरणी १८७६ ची, पंजाबातल्या धारीवालची १८८० ची. त्यांचा मालही याच रुळांवरून फिरला. ज्या गाडीने इथला धागा नेला तिनेच परका धागा आणला, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तो गुंडाळून घेतला.

आता मुख्य प्रश्न. वऱ्हाडात स्वेटर हवा कशाला? इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थच ‘घाम आणणारा’. खेळाडूंना घाम यावा म्हणून तो घालायचे. अकोल्यात उन्हाळ्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे घाम आणण्यासाठी वेगळ्या वस्त्राची गरज कोणाला पडली असेल असं वाटत नाही. हिवाळाही तसा बेताचा. डिसेंबर-जानेवारीतल्या बहुतेक रात्री १० ते १५ अंशांच्या मध्ये. चार-सहा दिवस वारं सुटतं, दात वाजतात, “लय थंडी पडून राह्यली बाप्पा” होतं, आणि संक्रांत ओलांडली की दुपारी पंखा.

आणि हाच मोसम कापसाचा. सीतादहीची पूजा झाली की वेचणी सुरू. गावातल्या बाईच्या कमरेला ओटी बांधलेली, बोटं बोंडांच्या काट्यांनी सोललेली. सकाळचा गारवा तिलाच सर्वांत जास्त लागायचा. दंवात भिजलेल्या पऱ्हाटीत तीच उभी असायची. पण तिच्या अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट किंवा फाटकी शाल. तिच्यासाठी कोणी स्वेटर विणला नाही, आणि विणायला तिच्याकडे दुपार नव्हती. स्वेटर विणला गेला तो अमरावतीच्या अंबापेठेत, अकोल्याच्या रामदासपेठेत. वकील, मास्तर, कारकून, रेल्वेवाले यांच्या घरांत. जिथे दोन वाजता ओटा धुऊन झाला की पाच वाजेपर्यंत घर शांत असायचं. माझं म्हणणं एवढंच आहे : वऱ्हाडातला स्वेटर थंडीपायी जन्मला नाही, दुपारीपायी जन्मला. म्हणूनच तो इतक्या वेळा अर्धवट राहिला, आणि म्हणूनच अर्धवट राहिल्याचं कोणाला फारसं दुःख झालं नाही.

हिशेब मांडून पाहा. मोठ्या माणसाच्या स्वेटराची पाठ साधारण १२० टाक्यांची, २०० ओळींची. झाले २४ हजार. समोरचा भाग जवळपास तेवढाच. दोन बाह्या मिळून आणखी पंचवीसेक हजार. एकूण सत्तर हजारांवर टाके. बऱ्यापैकी हात चालणारी बाई मिनिटाला पंचवीस टाके घालते. रोज दोन तास धरले तर तीन हजार. म्हणजे चोवीस-पंचवीस दुपारी, तेही एकदाही न चुकता, पाहुणा न येता, लेकराला ताप न भरता. दसऱ्याला लोकर आणायची. मग दिवाळीचा फराळ, तुळशीचं लग्न, संक्रांतीचं हळदीकुंकू. बगलेपर्यंत पाठ पोचते तोवर होळी येते. वऱ्हाडातला हिवाळा हा स्वेटरापेक्षा आखूड आहे, हे आमच्याकडच्या प्रत्येक विणणारीला अनुभवाने माहीत होतं. तरी दर दसऱ्याला नवी लोकर यायचीच.

मध्यंतरी या सुयांना एक सवत आली. १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर वऱ्हाडात खादीचं वारं शिरलं आणि टकळी-चरखा घरात आला. दोन्ही कामं दुपारची, दोन्ही बसून करायची. पण चरखा देशकार्य ठरला आणि सुया छंद ठरल्या. सूत काढणारी बाई सभेत पुढे बसली, स्वेटर विणणारी मागे राहिली. परदेशी लोकर वापरावी की नाही हाही पेच होता. मला या वाटणीत अन्याय दिसतो. टकळीवरचं सूत कित्येक घरांत गुंडीच्या रूपातच पडून राहिलं. कानटोपी निदान कोणाच्या तरी डोक्यावर बसली.

सुयांना मान मिळाला तो १९६२ साली. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला सुरू झाला. आपले जवान हिमालयात अपुऱ्या कपड्यांनिशी लढताहेत हे कळलं आणि देशभर बायकांनी, शाळकरी मुलींनी सुया हातात घेतल्या. स्वेटर, हातमोजे, पायमोजे, गुलबंद. क्रिमियानंतर शंभरेक वर्षांनी तेच चित्र, आता आपल्या अंगणात. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. युद्ध एक महिना आणि एक दिवसाचं, स्वेटर त्याहून लांबीचा. पण त्या हिवाळ्याने एक गोष्ट केली : ज्या घरांत सुया कधी आल्या नव्हत्या तिथेही त्या आल्या, आणि आल्या त्या परत गेल्या नाहीत.

पुढची पंचवीस-तीस वर्षं हा या कामाचा भर. ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत, तेव्हा थोडं रेंगाळतो.

अमरावतीत जवाहर गेटच्या आतल्या दुकानांत काचेच्या कपाटांतून लोकरीच्या लड्या टांगलेल्या असत. दुकानदार वजनावर द्यायचा. अंगाला दहा नंबरची सुई, बॉर्डरला बारा नंबरची. नंबर मोठा तशी सुई बारीक. हा उलटा हिशेब इंग्रजांचा जुना. त्यांनी तो केव्हाच टाकून मिलिमीटर धरले, आपण मात्र सांभाळून ठेवला आहे. १९५० मध्ये अमेरिकेत ऑर्लॉन नावाचा कृत्रिम धागा बाजारात आला आणि त्याच जातीची ‘कॅशमिलॉन’ काही वर्षांत आमच्या गल्लीपर्यंत पोचली. खऱ्या लोकरीपेक्षा स्वस्त, धुतली तरी आटायची नाही, कसर लागायची नाही, रंग भडक. ऊब थोडी कमी. वऱ्हाडात ऊब कमी असणं हा दोष कोणी मानला नाही.

मराठी महिला मासिकांत पाककृतींशेजारी विणकामाचे नमुने छापून यायचे. पण खरी शाळा एसटीत भरायची. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीवर नवी वेणी दिसली की अकोल्याहून मूर्तिजापूर येईपर्यंत आमच्या मोठ्या आईच्या बोटांवर ती उतरलेली असायची. एकदा तो माणूस मध्येच उतरला तर ही म्हणाली, “थांबा हो भाऊ, अजून दोन ओळी राह्यल्या!” तो बिचारा थांबला.

चुकांचेही प्रकार होते. कोणाचा हात सैल, कोणाचा घट्ट. एकीने सुरू केलेली बाही दुसरीने पुरी केली की कोपरावर वाढ दिसायची, उसाच्या पेऱ्यासारखी. गळा डोक्यातून जात नाही हे नेहमी शेवटच्या दिवशी कळायचं. माप घेतलं तेव्हा पोट्टं तिसरीत होतं, स्वेटर झाला तेव्हा पाचवीत. मग तो धाकट्याला. धाकटा नसला तर बहिणीच्या धाकट्याला. आणि सर्वांत वाईट म्हणजे लोकर कमी पडणं. माझ्या आईने बाबांसाठी मोरपंखी रंगाचा स्वेटर विणायला घेतला होता, चार प्लाय. पाठ झाली, समोरचा भाग बगलेपर्यंत आला आणि लोकर संपली. दुकानदार म्हणाला होता, “केव्हाही या बाई, हाच रंग मिळेल.” आई महिन्याने गेली. रंग तोच, लॉट दुसरा. उजेडात धरला की एक मोर आणि एक कबूतर. बाबा म्हणाले, चालेल. आई म्हणाली, चालणार नाही. तो वाद कधी मिटला नाही आणि तो स्वेटरही पुरा झाला नाही.

मोठी आई अशा वेळी शांतपणे म्हणायची, “उसव मंग. लोकर कुठी जात नाही.”

हे मला या सगळ्या परंपरेतलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. कापड फाटलं की गोधडीत जातं. स्वेटर उसवला की पुन्हा पहिल्यापासून धागा होतो. आमच्याकडच्या एका तपकिरी लोकरीचं घराणं मी सांगू शकतो. आधी ती आजोबांचा बिनबाह्यांचा स्वेटर होती. तो विरल्यावर उसवला. खुर्चीच्या पाठीला लडी गुंडाळली, कोमट पाण्यातून काढली आणि खाली तांब्या बांधून दोरीवर वाळत टाकली, म्हणजे धाग्यातल्या कुरळ्या वळ्या जातात. मग मी दोन हात पुढे करून लडी धरायची, आईने गुंडा करायचा. “हात आखडू नको!” त्याचा काकाचा गुलबंद झाला. गुलबंदाचा माझ्या बहिणीच्या बाळंतविड्यात टोपडं आणि पायमोजे, पांढऱ्या किनारीचे. बाळ मोठं झाल्यावर तेही उसवलं, आणि उरलेल्या सतरा रंगांच्या तुकड्यांबरोबर देवघरातल्या आसनात बसलं. आजोबांच्या छातीवरची लोकर आता आरतीच्या वेळी गुडघ्याखाली असते. एवढा प्रवास रेडिमेड स्वेटराला कधी घडला आहे का?

उतार कसा लागला ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. आधी विणकामाची मशीनं आली. शाळांचे बॉटल ग्रीन आणि मरून स्वेटर त्यांवर निघू लागले, काही बायकांनी त्यावर संसार सावरला. मग लुधियानाचा माल आला आणि मशीनंही झाकून ठेवली गेली. तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत १९७२ पासून आपल्याच विदर्भात, आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या भागात आहे. दर हिवाळ्यात विदर्भातल्या शहरांतून तिबेटी लोकांच्या स्वेटरांच्या रांगा लागतात. दसऱ्याला लोकर आणणारी बाई त्या रांगेत जाऊन घासाघीस करू लागली. तोवर दुपारही गेली होती : कोणाची नोकरीत, कोणाची मालिकांत. थंडी होती तेवढीच राहिली. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

टिकून राहिला तो बाळंतविडा. मुलगी पुण्यात असो नाहीतर न्यू जर्सीत, सातवा महिना लागला की अमरावतीतली आई कपाटातून सुया काढते. तो लहान असतो, वीस दिवसांत होतो, आणि त्याला ठरलेली तारीख असते, म्हणून तो अर्धवट राहत नाही. अलीकडे तरुण मुली मोबाईलवर पाहून क्रोशाची खेळणी, पिशव्या, फुलं करू लागल्या आहेत, बहुतेक सुती धाग्यात. लोकरीची वाट सोडून सुताकडे वळल्या, हे मला आवडलं. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ इथल्या १,००० एकरांच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. तिथे वऱ्हाडचा धागा वऱ्हाडातच विणला जाणार, असं सांगतात. १८६७ च्या गाडीने नेलेला माल परत यायला एवढा वेळ लागावा, हे आमच्या स्वेटरांच्या रीतीला धरूनच झालं.

आईचा मोरपंखी स्वेटर अजून पेटीत आहे. पाठ पुरी, समोरचा भाग बगलेपर्यंत, टाके दहा नंबरच्या सुईवर तसेच. उसवायला मन होत नाही. शंभर ग्रॅम कमी पडतं आहे : मोरपंखी, चार प्लाय, जुना लॉट. तुमच्याकडे कोणाच्या पेटीत अशी लडी निघाली तर कृपा करून टाकून देऊ नका. बाह्यांचं नंतर बघू.